दोन गिरणगावं आणि कार्बनचा एक थर

२००४ साली कापडगिरण्यांच्या दोन गावांना दोन महिन्यांच्या अंतरानं नवं विद्यापीठ मिळालं. १ ऑगस्टला सोलापूर विद्यापीठ सुरू झालं. पुणे रस्त्यावर केगावला शिवाजी विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं, त्याचंच हे विद्यापीठ झालं, आणि तेही एकाच जिल्ह्यापुरतं. १ ऑक्टोबरला इंग्लंडात दोन जुन्या शिक्षणसंस्था एकत्र आल्या आणि आजचं मँचेस्टर विद्यापीठ जन्माला आलं. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, २२ ऑक्टोबरला, 'सायन्स' या नियतकालिकात मँचेस्टरच्या आंद्रे गाइम, कोन्स्तान्तिन नोव्होसेलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा काही पानांचा निबंध छापून आला. शिसपेन्सिलीत असतं त्या ग्रॅफाइटचे अणूइतके पातळ पापुद्रे सुटे करून त्यांतून वीज कशी वाहते, हे त्यांनी मोजलं होतं. त्यातल्या एकाच अणूच्या जाडीच्या थराला ग्राफीन म्हणतात.

मँचेस्टर हे नाव सोलापूरकराला परकं नाही. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी गिरणी, उभी राहिली तेव्हा बाजारात तिचा सामना मँचेस्टर-लँकेशायरच्या कापडाशी होता. विलायती कापडावरचा बहिष्कार आणि कायदेभंग यांनी पेटलेल्या १९३० सालात या शहरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन फासावर गेले. पुढे दोन्हीकडच्या गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले. भोंगे थांबल्यावर मँचेस्टरमध्ये काय उगवलं आणि त्यातलं आपल्याकडे काय पोचलं, त्याची ही गोष्ट.

कागदावरचं कापड

ग्राफीनचं गणित ग्राफीनच्या आधी सत्तावन्न वर्षं तयार होतं. १९४७ मध्ये फिलिप वॉलेस या कॅनेडियन भौतिकशास्त्रज्ञानं ग्रॅफाइटमधले इलेक्ट्रॉन कसे वागतात, हे कागदावर मांडलं. अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग कमी करायला ग्रॅफाइट वापरत, म्हणून तेव्हा त्याला मोल होतं. वॉलेसनं हिशेब सोपा व्हावा म्हणून आधी एकच थर धरला. मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनांची जाळी, प्रत्येक कोपऱ्यावर एक कार्बन अणू, दोन शेजारी अणूंमध्ये ०.१४२ नॅनोमीटर अंतर. असा थर खरोखर हातात येईल, असं तेव्हा कोणी मानत नव्हतं. इतका पातळ स्फटिक टिकणारच नाही, गुंडाळी होऊन मोडेल, असं जाणकारांचं मत होतं.

ग्रॅफाइटचे थर सुटे करण्याचा रासायनिक मार्ग त्याहून जुना. इंग्लंडच्या बेंजामिन ब्रोडीनं १८५९ मध्येच ग्रॅफाइट आम्लात भिजवून त्याचं ऑक्साइड केलं होतं. जर्मनीच्या हान्स-पीटर बोएम यांनी १९६२ मध्ये त्या वाटेनं अतिशय पातळ तुकडे मिळवले आणि १९८६ मध्ये सहकाऱ्यांसह 'ग्राफीन' हे नावही सुचवलं. नाव आलं, गणित आलं, तुकडेही दिसले. एकच थर घेऊन त्याला तारा जोडून वीज मोजणं तेवढं राहिलं होतं.

शुक्रवारची रात्र

गाइम मूळचे रशियाचे, २००१ मध्ये हॉलंडमधून मँचेस्टरला आले. मुख्य कामाखेरीज काहीतरी भलतंच करून बघायचं, अशी त्यांची सवय. त्या उद्योगांना 'शुक्रवार रात्रीचे प्रयोग' हे नाव पडलं. असाच एकदा त्यांनी जोरदार चुंबकीय क्षेत्रात जिवंत बेडूक तरंगवला. त्याबद्दल २००० साली त्यांना इग्नोबेल हे विनोदी बक्षीस वाटून मिळालं होतं.

ग्राफीनची सुरुवातही अशाच एका फसलेल्या कामातून झाली. गाइमनी एका नव्या विद्यार्थ्याला ग्रॅफाइटचा तुकडा दिला आणि घासून घासून होईल तितका पातळ कर म्हणाले. त्यानं घासून आणला तो जवळपास दहा मायक्रॉन जाडीचा कण. त्यात थर किती? एक मिलिमीटर ग्रॅफाइटमध्ये सुमारे तीस लाख थर असतात, म्हणजे त्या कणात तीस हजार. तेव्हा शेजारच्या प्रयोगशाळेतल्या ओलेग श्क्ल्यारेव्हस्की यांनी चिकटपट्टीचे तुकडे आणून दाखवले. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याआधी ग्रॅफाइटचा पृष्ठभाग साफ करायला चिकटपट्टी लावून वरचा थर उचलत आणि पट्टी कचऱ्यात टाकत. त्या पट्टीवर राहिलेले पापुद्रे विद्यार्थ्यानं घासलेल्या कणाहून कितीतरी पातळ होते.

पुढचं कसब हाताचं होतं. पट्टी दुमडायची, उलगडायची, पुन्हा दुमडायची. दर वेळी पापुद्रा फाटून पातळ होतो. मग पट्टी सिलिकॉनच्या चकतीवर दाबायची. या चकतीवर सुमारे ३०० नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर असला, तर प्रकाशाच्या खेळानं एकच अणू जाडीचा तुकडाही साध्या सूक्ष्मदर्शकात फिकट जांभळा दिसतो. ऑक्साइडची जाडी थोडी चुकली, तर तो समोर असूनही दिसत नाही. ग्राफीन आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशातला जेमतेम २.३ टक्के भाग शोषतं. त्याला शोधायचं म्हणजे हजारो ठिगळांतून एक फिकट ठिगळ डोळ्यानं टिपायचं. चादरीत कुठे धागा सुटलाय, हे लांबून ओळखणारी नजर आपल्या विणकरांच्या पूर्व भागात घरोघर आहे. हे त्याच जातीचं काम.

'नेचर'नं हा निबंध परत पाठवला होता, म्हणून तो 'सायन्स'कडे गेला. २००५ मध्ये मँचेस्टरनं आणि न्यूयॉर्कमध्ये फिलिप किम यांच्या गटानं वेगवेगळं दाखवलं की ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन जणू वस्तुमान नसल्यासारखे धावतात. त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या तीनशेव्या हिश्श्याइतका असतो. २०१० साली गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. नोव्होसेलोव्ह तेव्हा छत्तीस वर्षांचे होते.

सगळीकडे भोकं असलेला पुठ्ठा

मग वर्तमानपत्रांनी सिलिकॉनचं श्राद्ध घालायला घेतलं. २०१० मध्ये आयबीएमनं सेकंदाला १०० अब्ज कंपनांचा संकेतही पेलणारा ग्राफीनचा ट्रान्झिस्टर दाखवला. आता संगणकाच्या चिपा ग्राफीनच्याच होणार, असं छापून आलं. त्या झाल्या नाहीत, आणि त्याचं कारण सोलापूरचा मागवाला एका वाक्यात समजेल.

जेकार्डच्या पुठ्ठ्यावर जिथे भोक असतं तिथे सुई आत जाते, हूक उचलला जातो, ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. चादरीवरचा मोर किंवा फूल उमटतं ते या 'आहे' आणि 'नाही'च्या मांडणीतून. आता असा पुठ्ठा समजा, ज्यावर सगळीकडे भोकंच आहेत. सगळे धागे वर येतील, माग जोरात चालेल, नक्षी मात्र उमटणार नाही. ग्राफीन हा तसा पुठ्ठा आहे. त्यातून वीज उत्तम वाहते, पण ती बंद करता येत नाही. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागते अशी ऊर्जेची फट असते आणि त्या फटीच्या जोरावर ट्रान्झिस्टर बंद होतो. ग्राफीनमध्ये ती फटच नाही.

फट आणायची एक युक्ती म्हणजे थराच्या अरुंद पट्ट्या कापणं. या नॅनोपट्ट्या. पट्टी जितकी अरुंद तितकी फट मोठी, हे किम यांच्या गटानं २००७ मध्ये मोजून दाखवलं. पण कापलेल्या पट्टीचे काठ फाटके निघत. साडीची किंमत काठावर ठरते, तशी या पट्टीची जातही काठावरच ठरते. षट्कोन सरळ कापले गेले तर गुण एक, नागमोडी कापले गेले तर दुसरे. नागमोडी काठावर इलेक्ट्रॉन साचतात आणि त्यांना चुंबकीय वळण लागतं, हे जपानी शास्त्रज्ञ मित्सुताका फुजिता आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्येच, ग्राफीन हाती येण्याआधी, हिशेबानं सांगितलं होतं. कात्रीनं हे काठ साधणार नव्हते. २०१० मध्ये स्वित्झर्लंड आणि जर्मनीच्या गटांनी वाट बदलली. त्यांनी सोन्याच्या तापलेल्या पृष्ठभागावर ठरावीक रेणू पसरले. ते एकमेकांना जोडत गेले आणि बरोबर सात अणू रुंदीची पट्टी आपोआप विणून निघाली. कापण्याऐवजी विणायचं, हे त्यांना सुचलं.

दोन थर, एक कोन

या इतिहासाचं सगळ्यात अचंबित करणारं पान मात्र कापडाच्याच शब्दात लिहिलेलं आहे. मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक ठेवून वरचा किंचित फिरवा. जाळीतून मोठमोठे पट्टे आणि ठिपके सरकताना दिसतात, जे दोन्हीपैकी एकाही पदरात नसतात. या नक्षीला मुआरे म्हणतात. लाटा उठल्यासारख्या दिसणाऱ्या एका रेशमी कापडाचं हे फ्रेंच नाव भौतिकशास्त्रानं जसंच्या तसं उचललं.

ग्राफीनच्या दोन थरांत असंच होतं. २०११ मध्ये राफी बिस्ट्रिट्झर आणि ॲलन मॅक्डोनाल्ड यांनी हिशेबानं सांगितलं की कोन सुमारे १.१ अंश ठेवला तर इलेक्ट्रॉन जवळजवळ थबकतील आणि एकमेकांची दखल घेऊ लागतील. त्या कोनाला मुआरेचं एक घर साधारण १३ नॅनोमीटरचं होतं, म्हणजे मूळ जाळीच्या घराच्या पन्नास पटीहून मोठं. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे पाब्लो हारिलो-हेरेरो आणि त्यांचा विद्यार्थी युआन काओ यांनी असे दोन थर रचून ते परम शून्याच्या वर १.७ अंशांपर्यंत थंड केले. त्यांतून कोणत्याही अडथळ्याशिवाय वीज वाहू लागली, म्हणजे ते अतिवाहक झाले. दुसरं मूलद्रव्य मिसळलेलं नव्हतं, रसायन बदललेलं नव्हतं, फक्त वरचा थर अंशभर फिरवलेला होता.

कुलाब्याची खोली

आता मुंबई. कुलाब्याच्या टोकाला, समुद्राला लागून, होमी भाभांनी १९४५ मध्ये स्थापन केलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथे मंदार देशमुख यांचा गट नॅनोइलेक्ट्रॉनिक्सवर काम करतो. आयआयटी मुंबईत शिकून देशमुख कॉर्नेल आणि हार्वर्ड करून परतले. २०१५ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

२०१० मध्ये या गटानं ग्राफीनची पट्टी दोन टोकांना धरून मधे अधांतरी ताणली आणि विजेच्या धक्क्यानं तिला कंप दिला. सतार गरमीत उतरते, थंडीत चढते, तसा या पट्टीचा सूरही तापमानाबरोबर बदलतो. तो मोजताना दिसलं की बहुतेक पदार्थ थंड झाल्यावर आकसतात, ग्राफीन मात्र पसरतं. परम शून्याच्या वर ३०० अंशांपासून ३० अंशांपर्यंत त्याची ही उलटी चाल कायम राहते. ज्याला धातूच्या तारा जोडून अतिशीत भांड्यात घालायचं, तो पदार्थ थंडीत कुठे ढिला पडेल हे आधी ठाऊक असावं लागतं. २०१८ नंतर गट पिळलेल्या थरांकडे वळला. दोन दुहेरी थर एकमेकांवर फिरवून ठेवले आणि त्यातल्या इलेक्ट्रॉनच्या वागण्यातलं एक मूलभूत वळण विजेच्याच मापनातून ओळखता येतं, हे त्यांनी २०२२ मध्ये 'नेचर फिजिक्स'मध्ये दाखवलं.

त्याच वर्षी 'नेचर नॅनोटेक्नॉलॉजी'त आलेलं काम क्वांटम संगणकाशी थेट जोडलेलं आहे. क्वांटम संगणकाचं एकक म्हणजे क्यूबिट. त्याची अवस्था वाचायची तर त्याच्याकडून परत येणारा मायक्रोवेव्ह संकेत ऐकावा लागतो, आणि तो इतका क्षीण असतो की साध्या ॲम्प्लिफायरच्या स्वतःच्याच खरखरीत बुडून जातो. म्हणून असा ॲम्प्लिफायर हवा, जो निसर्गानं घालून दिलेल्या किमान खरखरीपलीकडे आपली भर टाकणार नाही. देशमुख आणि संस्थेतलेच आर. विजय यांच्या गटांनी दोन अतिवाहकांच्या मध्ये ग्राफीनचा तुकडा बसवून तसा ॲम्प्लिफायर केला. तो २४ डेसिबल, म्हणजे शक्तीत सुमारे २५० पट, वाढ देतो. शिवाय जवळच्या इलेक्ट्रोडवरचा विजेचा दाब बदलला की त्याचा सूर हवा तिकडे वळतो. एरवी हे काम चुंबकीय क्षेत्रानं करावं लागतं. फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या गटानंही त्याच सुमारास तशीच वस्तू बनवली.

ही वस्तू घडते कशी? सुरुवात पुन्हा चिकटपट्टीनंच. ग्राफीन उघडं ठेवलं तर सिलिकॉनच्या खडबडीत पृष्ठभागानं त्याचे गुण मळतात, म्हणून ते बोरॉन नायट्राइडच्या दोन पापुद्र्यांत, पुरणपोळीतल्या पुरणासारखं, बंद करतात. काचपट्टीवर मऊ पॉलिमरचा ठसा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली बघत तो वरच्या पापुद्र्यावर अलगद टेकवायचा, तापमान वाढवायचं, पापुद्रा उचलायचा, त्यानं ग्राफीन उचलायचं, मग खालचा पापुद्रा. घाई केली की मधे हवेचे बुडबुडे अडकतात आणि दिवसभराचं काम वाया जातं. पिळायचे थर असतील तर एकाच तुकड्याचा अर्धा भाग उचलून खालचा मंच ठरलेल्या कोनात फिरवतात आणि उरलेला अर्धा उचलतात. या कामाला लागणारे बोरॉन नायट्राइडचे उत्तम स्फटिक जपानच्या त्सुकुबामधले केन्जी वातानाबे आणि ताकाशी तानिगुची उच्च दाबाच्या यंत्रात वाढवतात, आणि जगभरच्या ग्राफीन प्रयोगशाळा त्यांच्यावर विसंबून आहेत. तयार झालेला तुकडा शेवटी अशा शीतपात्रात जातो जिथे तापमान परम शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या हिश्श्यांत मोजतात. मे महिन्यात ४३ अंश अंगावर घेणाऱ्या सोलापूरकरानं ही थंडी कल्पनेतच अनुभवावी.

बीकरमधलं आणि पट्टीवरचं

एक गोष्ट वेगळी करून सांगायला हवी, कारण बातम्यांत ती सरमिसळ होते. आपल्याकडच्या अनेक विद्यापीठांत 'ग्राफीन' म्हणून जे होतं, ते बहुतांशी ब्रोडीच्या वाटेचं: ग्रॅफाइट, सल्फ्युरिक आम्ल, पोटॅशियम परमँगनेट, मग धुणं, गाळणं, वाळवणं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पातळ थरांच्या संशोधनाची मोठी परंपरा आहे. बीकरमधल्या द्रावणात काचपट्टी बुडवून तिच्यावर थर चढवण्याची स्वस्त रीत तिथे चंद्रकांत लोखंडे यांच्यासारख्या प्राध्यापकांनी रुजवली. विद्युत ऊर्जा साठवणारे सुपरकपॅसिटर, वायू ओळखणारे संवेदक यांसाठी बीकरमधलं ग्राफीन उपयोगी आहे. पण क्वांटमच्या कामाला ते चालत नाही. त्याचे तुकडे ऑक्सिजननं ठिकठिकाणी छिद्रावलेले असतात. क्वांटमसाठी पट्टीवरचं, निर्दोष, एकसंध स्फटिकाचं ग्राफीन लागतं. दोन्ही खरी आहेत, दोन्हींची बाजारपेठ निराळी.

पट्टीवरच्या ग्राफीनमध्येच क्यूबिट बसवण्याचे प्रयत्नही चालू आहेत. निसर्गातल्या कार्बनचे जवळपास ९९ टक्के अणू असे आहेत की त्यांच्या केंद्राला चुंबकीय गुण नाही. म्हणून त्यात कोंडलेल्या इलेक्ट्रॉनला आपली अवस्था शांतपणे टिकवता येईल, ही कल्पना २००७ मध्ये मांडली गेली. झुरिकच्या गटानं दुहेरी थरात असा इलेक्ट्रॉन कोंडून २०२२ मध्ये त्याच्या फिरकीची अवस्था ५० मिलिसेकंदांपर्यंत टिकल्याचं मोजलं. या जगात हा काळ भरपूर म्हणायचा.

देशाच्या पातळीवर १९ एप्रिल २०२३ रोजी केंद्र सरकारनं ६,००३.६५ कोटी रुपयांचं राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये टाटा संस्था, पुण्यातली डीआरडीओची तरुण शास्त्रज्ञांची क्वांटम प्रयोगशाळा आणि टीसीएस यांनी मिळून सहा क्यूबिटचा अतिवाहक प्रोसेसर तपासून पूर्ण केल्याचं जाहीर झालं. त्यातले क्यूबिट ग्राफीनचे नव्हेत. सिलिकॉनची गादी ग्राफीनला मिळाली नाही, आणि ती मिळण्याची चिन्हंही नाहीत. त्याला हक्काची जागा मिळाली ती क्यूबिटच्या शेजारी उभं राहून त्याचं पुटपुटणं ऐकणाऱ्या कारभाऱ्याची.

गिरणीचा पैसा कुठे मुरतो

मँचेस्टरच्या चिकटपट्टीची गोष्ट नशिबाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. तसं सांगणं चुकीचं आहे. २००४ मध्ये तिथे ज्या दोन संस्था एकत्र आल्या, त्यांतल्या एकीचं मूळ १८२४ मधल्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये होतं. ती कारागिरांना संध्याकाळी विज्ञान शिकवायला गिरणी आणि यंत्रांच्या धंद्यातल्या पैसेवाल्यांनी काढली होती. त्याच गावात १९११ मध्ये रदरफर्डनं अणूचं केंद्र ओळखलं आणि २१ जून १९४८ रोजी स्मृतीत आज्ञा साठवून चालणाऱ्या संगणकानं पहिला कार्यक्रम चालवला. कापड गेलं, तरी त्या कापडाचा पैसा जिथे मुरला होता ती जमीन ओली राहिली. म्हणून एका शुक्रवारी कचऱ्यातल्या पट्टीकडे बघायला तिथे माणूस होता, सूक्ष्मदर्शक होता, आणि 'हे कशाला?' असं विचारणारं कोणी नव्हतं.

सोलापूरच्या गिरण्यांचा पैसाही वाया गेला नाही. वालचंद हिराचंदांसारखा उद्योजक याच मातीत वाढला. शहरात महाविद्यालयं उभी राहिली, आणि २०१९ पासून विद्यापीठ पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव लावतं. थर ओळखणारी नजर, काठ सांभाळणारा हात, चुकलेला धागा उसवून पुन्हा धरण्याचा चिवटपणा, हे भांडवल या शहरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. चांगला सूक्ष्मदर्शक, सिलिकॉनच्या चकत्या आणि चिकटपट्टी एवढ्यावर ग्राफीन शोधायला शिकता येतं. शीतपात्र लागेल तेव्हा कुलाबा रेल्वेनं एका रात्रीच्या अंतरावर आहे. ज्यांच्या हाती संस्था आहेत, ज्यांच्या घराण्यांत मागाचा पैसा आहे, त्यांनी इथल्या एम. एस्सी.च्या पोरापोरींना एवढं साहित्य आणि आठवड्यातली एक बिनहिशेबी संध्याकाळ द्यावी. फळ लगेच मागू नये. १८२४ ते २००४, मँचेस्टरला एकशे ऐंशी वर्षं लागली. आपल्या विद्यापीठाला अजून पंचवीसही झालेली नाहीत.